गल्लीकडची बाल्कनी, की समुद्राकडची?

अक्का, नमस्कार.
आम्ही खानापूरचे. हे मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, मी घरीच. मुलगी-जावई अमेरिकेत ह्यूस्टनला असतात, दोन नातवंडं आहेत, आठ आणि पाच वर्षांची. नोव्हेंबरात आम्ही तिकडं जाणार, तर जावयांनी गॅल्व्हेस्टनहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजावरची सात रात्रींची सहल ठरवली आहे. दोन खोल्या घ्यायच्या, एक त्यांची, एक आमची. जावई म्हणतात, जहाजाच्या आतल्या बाजूला उघडणारी बाल्कनी घेऊया, खाली बाग असते, किंवा घोड्यांचं चक्र असलेला बाजार, आणि समुद्राकडच्या बाल्कनीपेक्षा खोलीमागं चारशे डॉलर वाचतात. हे म्हणाले, "छान, आपल्याला काय, झोपायला तर जायचं." मी गप्प बसले. पण मनात येतं, समुद्र बघायला चाललोय, आणि दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार? तसं तर आमच्या गल्लीत रोजच दिसतंय की. मी समुद्र बघितलाय तो गोव्याला किनाऱ्यावरनं, आणि एकदा मालवणात होडीतनं किल्ल्याला जाताना. सगळीकडं समुद्र, असा कधी बघितला नाही. पण पैसे जावई भरणार. सासूला हौस फार, असं वाटायला नको. शिवाय यांना चोर्ल्याच्या घाटात गाडी लागते, माझे गुडघे धरतात, आणि माझी झोप सावध. खरंच आतली बाल्कनी चांगली असते का? असेल तर तसं सांगा, म्हणजे मी मनाला समजावते.
— एक वाचक, खानापूर

वैनी,

तुमच्या पत्रात 'समुद्र' चार वेळा आलाय. मी मोजलं. त्यातला एक जावयांच्या हिशेबातला, उरलेले तीन तुमचे. बाग एकदाच आली, तीही त्यांच्याच तोंडची. माझं उत्तर तिथंच झालं होतं. पण तुम्ही मास्तरांच्या घरातल्या. नुसतं उत्तर लिहिलं तर अर्धेच मार्क, रीत दाखवा म्हणाल. म्हणून रीत दाखवते.

आधी हे सांगते की आतली बाल्कनी म्हणजे फसवणूक नव्हे. जावईबापूंनी काही वावगं सुचवलेलं नाही. मी स्वतः तसल्या खोलीत सात रात्री काढल्यात, आणि संधी मिळाली तर परत काढीन. फक्त मी समुद्र बघायला गेले नव्हते. माझा जन्म गेला माणसं बघण्यात. कुणाच्या हातात काय पिशवी आहे, कोण कुणाशी बोलत नाही, हे बघायला मिळालं की मला जेवण गोड लागतं. अशा बाईला ती खोली म्हणजे स्वर्ग.

बाग आणि घोड्यांचं चक्र, दोन्ही एकाच जहाजावर, आणि सुटायचं गॅल्व्हेस्टनहून, म्हणजे ते बहुतेक रॉयल कॅरिबियन कंपनीचं ओएसिस जातीचं जहाज असणार. लांबी साधारण ३६० मीटर. एका खोलीत दोघं धरली तरी साडेपाच हजारांच्या आसपास प्रवासी, वर दोन हजारांहून जास्त काम करणारी माणसं. एवढं रुंद जहाज बांधायचं म्हटलं की एक अडचण येते: कडेच्या खोल्यांना खिडक्या मिळतात, पोटातल्या खोल्या अंधाऱ्या राहतात. आपल्याकडं ज्यांनी खोल वाडे बांधले त्यांच्यापुढंही हीच अडचण होती. त्यांनी मधोमध चौक उघडा सोडला आणि आतले सोपे, माडीवरचे सज्जे चौकाकडं वळवले.

फिनलंडमधल्या तुर्कू गावच्या गोदीतही तेच झालं, पण हळूहळू. १९९० साली तिथं बांधलेल्या सिल्या सेरेनेड या जहाजाच्या पोटातनं एक लांब झाकलेली गल्ली काढली आणि आतल्या खोल्यांना तिच्याकडं खिडक्या दिल्या. फिनलंड आणि स्वीडनच्या मध्ये ये-जा करणारं ते जहाज. १९९९ साली तिथंच बांधलेल्या व्हॉयेजर ऑफ द सीजमध्ये ती गल्ली आणखी मोठी झाली. आणि २००९ साली ओएसिस ऑफ द सीज बांधताना गल्लीवरचं छतच काढून टाकलं. जहाजाचा वरचा अर्धा भाग मधोमध चिरल्यासारखा, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या भिंती, मध्ये उघडं आकाश. खिडकीच्या जागी बाल्कनी आली ती तेव्हा. म्हणजे ही बाल्कनी खरीच असते, वारा खरा, पाऊस आला तर तोही खराच. दिसत नाही तो समुद्र.

आता त्यातही दोन चौक आहेत, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

जहाजाच्या मागच्या अंगाला, सहाव्या मजल्यावर आहे तो बोर्डवॉक. घोड्यांचं चक्र इथं. खाण्याची ठिकाणं इथं. अगदी शेवटाला उघडं थिएटर, त्यात उंचावरनं पाण्यात उड्या मारण्याचे खेळ होतात, दिवे आणि गाण्यांसकट. नऊ मजले वरनं तारेला लटकून माणसं या बाजूकडनं त्या बाजूला जातात, आणि गप्प जात नाहीत, किंचाळत जातात. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र तुम्ही बघितली असेल. ज्यांचं घर मिरवणुकीच्या वाटेवर, त्यांच्या सज्जात त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते, सगळे पाहुणे तिथंच. पण त्याच घरात कुणाची झोप सावध असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं तोंड बघा. बोर्डवॉकच्या खोलीत वर्षभर रोज थोडा थोडा चित्ररथ. एक मात्र आहे, हा चौक मागच्या बाजूनं उघडा आहे. शेवटाकडच्या खोल्यांतनं मान वळवली की थिएटरच्या पलीकडं समुद्राची एक फाक दिसते. जितकी समुद्राची फाक मोठी तितका थिएटरचा आवाज जवळ.

दुसरा चौक आठव्या मजल्यावरचा, सेंट्रल पार्क. ही खरीखुरी बाग, दहा हजारांहून जास्त रोपं आणि झाडं, मातीत लावलेली, माळी असलेली. मधनं वळणावळणाची वाट, बाकडी, कडेनं जेवायच्या जागा. संध्याकाळी कुणीतरी हळू काहीतरी वाजवत बसतं. पाखरं चिवचिवतात ती मात्र स्पीकरमधनं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास पाखरू शोधत होते. रात्री उशिरा ही बाग शांत होते. मी राहिले ती इथंच. माझ्या समोरच्या बाल्कनीत एक म्हातारेबुवा असायचे. पहिल्या सकाळी मी केस सोडून, खोबरेल तेलाची वाटी घेऊन बाल्कनीत बसले, आपण कुठं कुणाच्या नजरेत आहोत हे विसरूनच. बुवांनी तिकडनं कॉफीचा कप उंचावला. मी काय करणार, तेलाची वाटी उंचावली. सातही दिवस आमचा तो रिवाज चालला, एक शब्द न बोलता. मला मजा आली. तुम्हाला येईल का, ते तुमचं तुम्ही ठरवा. समोरनं, वरनं, खालच्या वाटेवरनं दिसतं. पडदा ओढला की खोली सुरक्षित, पण पडदाच ओढून बसायचं तर बाल्कनीचे पैसे कशाला. (आणि कुठल्याही बाल्कनीच्या कठड्यावर लुगडं वाळत टाकायचा विचारसुद्धा करू नका, चालत नाही. न्हाणीत ओढून लावायची दोरी असते, हातरुमाल-मोजे तिथं.)

त्याच सहलीत एका पहाटे जहाज बंदरात शिरलं. मी बागेकडं बघत चहा घेत होते. कुणीतरी सांगितलं म्हणून वर धावले, तोवर किनारा येऊन गेला होता आणि समोर गोदीच्या याऱ्या उभ्या. माझं काही फार बिघडलं नाही. तुमचं बिघडलं असतं.

कारण तुम्हाला काय दिसणार आहे ते ऐका. गॅल्व्हेस्टनला जहाजावर चढाल तेव्हा पाणी बघून म्हणाल, ही तर आपली श्रावणातली मलप्रभा. तपकिरी, गढूळ. मिसिसिपीसारख्या नद्यांचा गाळ त्या किनाऱ्यापर्यंत येतो. जहाज सुटलं, अंधार पडला की दूर पाण्यातच दिवे दिसायला लागतात, गाव नाही, जमीन नाही, नुसते दिवे. ते समुद्रातल्या तेलविहिरींचे फलाट. ते मागं पडले की काहीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी उठून बाल्कनीचं दार सरकवलं की पाणी निळं. कधी बदललं, कुठं बदललं, कळत नाही. त्या बाजूच्या सात रात्रींच्या फेरीत साधारण तीन दिवस असेच असतात, कुठलं बंदर नाही, चारी बाजूंना पाणी. नशीब असलं तर जहाजाच्या लाटेपासनं उडणारे मासे निघतात, वीतभर, पाण्याला घासत जातात आणि परत आत. हे तीन दिवस गल्लीकडच्या बाल्कनीतनं तुम्हाला दिसणार नाहीत. वरच्या मजल्यावर जाऊन बघता येतं की, असं कुणीतरी म्हणेल. बघता येतं. पण तिथं खुर्ची धरावी लागते, गाणी लावलेली असतात, आणि पहाटे साडेपाचला केस न विंचरता, पायावर पाय घेऊन, हातात आपला कप, असं तिथं बसता येत नाही. गुडघे धरतात म्हणता, मग तर नाहीच.

डावी बाजू की उजवी, याचं मनाला लावून घेऊ नका. जहाज जाताना दक्षिणेकडं जातं, तेव्हा डाव्या बाजूला सूर्योदय. येताना उत्तरेकडं येतं, तेव्हा त्याच बाजूला सूर्यास्त. कुठलीही घेतली तरी दोन्ही मिळतात. त्यापेक्षा तारखांना अजून जागा असेल तर पंचांग बघा. अमावस्येच्या आसपास समुद्राकडच्या बाल्कनीत रात्री काळ्या फळ्याशिवाय काही दिसत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. कार्तिकी पौर्णिमा बहुतेक नोव्हेंबरात येते. चार-आठ दिवस मागं-पुढं करून ती साधली, तर चारशे डॉलर तिथंच वसूल.

समुद्राकडची बाजू घेतली की सगळं गोडच, असंही नाही. नोव्हेंबरात त्या आखातावर उत्तरेकडनं थंड वारं उतरतं, तसल्या दिवशी बाल्कनीत बसवत नाही, दार उघडलं की पदर तोंडावर. चक्रीवादळांचा हंगामही तिकडं ३० नोव्हेंबरापर्यंत धरतात. आतल्या चौकात हा वारा एवढा लागत नाही, तिथं दोन घटका निवांत बसता येतं. हा त्या बाजूचा खरा गुण, आणि तो मी लपवणार नाही.

आता मास्तरांचं पोट. इथं जरा थांबून समजून घ्या, कारण या बाबतीत लोक उलटसुलट सांगतात. जहाज डावी-उजवीकडं डुलतं तेव्हा मधल्या रेघेजवळच्या माणसाला कमी वर-खाली व्हावं लागतं, कडेच्या माणसाला जास्त. आतल्या बाल्कनीच्या खोल्या मधल्या रेघेला जवळ, म्हणजे हिशेबानं तिथं हेलकावा किंचित कमी. बरोबर आहे. पण मळमळ नुसत्या हेलकाव्यानं होत नाही. कान सांगतो आपण हलतोय, डोळा सांगतो समोरची भिंत हलत नाही, आणि दोघांच्या भांडणात पोटाचा जीव जातो. चोर्ल्याच्या घाटात मास्तरांना पुढच्या सीटवर बसवलं की त्रास कमी होतो ना? कारण समोरचं वळण डोळ्यांना दिसतं. समुद्रावर ती पुढची सीट म्हणजे क्षितिज. आतल्या बाल्कनीत मोकळी हवा आहे, क्षितिज नाही. समोरच्या खोल्या तुमच्याबरोबरच डुलतात, डोळ्याला काही कळत नाही. एवढ्या मोठ्या जहाजाला, पाण्याखाली हेलकावा कमी करणारे पंख असताना, बहुतेक दिवस काही जाणवणारच नाही. तरी जाणवलं तर मास्तरांना खुर्चीत बसवून लांब रेघेकडं बघायला लावा, पेपर वाचू देऊ नका. गोळी निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, बाकीची औषधं चालू असतील तर विशेष करून.

डाव्या-उजव्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पुढं-मागं आणि वर-खाली. अगदी नाकाशी खोली नको, अगदी उंच नको. आठ, नऊ, दहा हे मजले बरे. सहाव्यावरनं काही ठिकाणी खाली लाइफबोटींच्या पाठी दिसतात. सगळ्यात वरच्या खोल्या पोहण्याच्या तळ्याखाली येतात, आणि पहाटे कामाची पोरं तिथल्या खुर्च्या सरकवतात; तुमच्यासारख्या सावध झोपेच्या बाईला तो आवाज थेट उशीत ऐकू येतो. ज्या मजल्याच्या वरही खोल्याच आणि खालीही खोल्याच, तो मजला निवडायचा. आणि लिफ्ट. या जहाजांवर मोठ्या लिफ्टा दोन ठिकाणी, पुढं आणि मागं. मधोमधची खोली कागदावर छान दिसते, पण तिथनं दोन्हीकडं चालत जायचं म्हणजे तुमच्या गुडघ्यांना रोजची शिक्षा. मागच्या लिफ्टांपासनं पाच-सहा दारांवर असेल अशी मागा. लिफ्टला अगदी खेटून नको, लोक उभे राहून बोलतात.

मागच्याच का, ते आता येतं. दोन खोल्या एकाच जातीच्या हव्यात असं कुणी सांगितलं, वैनी? आठ आणि पाच वर्षांची पोरं. त्यांना समुद्राचं काय, पाचव्या मिनिटाला कंटाळतील. घोड्यांचं चक्र, उड्या मारणारी माणसं, तारेवरनं ओरडत जाणारी, हे सगळं ज्यांच्या बाल्कनीसमोर, ती पोरं नशीबवान. तेव्हा मुलगी-जावयांची खोली बोर्डवॉककडची आणि तुमची समुद्राकडची. संध्याकाळी तुम्ही त्यांच्या सज्जात जायचं, खेळ बघायचा, पोरांना मांडीवर घ्यायचं. झोपेची वेळ झाली की आपल्या शांत खोलीत परत. सकाळी मुलगी चहाला तुमच्याकडं येणार, तिला एकटीला यायला मिळालं तर जास्तच चांगलं. मागच्या लिफ्टा दोघांनाही जवळ पडतात. त्यांच्या बाल्कनीत मात्र खुर्च्या कठड्यापासनं लांब, दाराशी ठेवायच्या, पाच वर्षांचं पोर खुर्चीवर चढलेलं कळत नाही.

बुकिंग करताना जावईबापूंना नावं नीट वाचायला सांगा. बाल्कनी हा शब्द दिसला म्हणून बाल्कनी असतेच असं नाही. 'व्हर्च्युअल बाल्कनी' म्हणजे बिनखिडकीची खोली आणि भिंतीवर एक उंच पडदा, त्यावर कॅमेऱ्यातनं बाहेरचा समुद्र दाखवतात. 'सेंट्रल पार्क व्ह्यू' किंवा 'बोर्डवॉक व्ह्यू' एवढंच लिहिलं असेल आणि पुढं बाल्कनी नसेल, तर ती न उघडणारी काच. आणि 'गॅरंटी' म्हणून एक स्वस्त भाव असतो, त्यात जात ठरलेली, खोली कंपनी देईल ती. तरण्याताठ्यांना ठीक आहे. तुमच्या गुडघ्यांना आणि झोपेला नाही.

उरले पैसे, आणि खरं म्हणजे तुमचं पत्र त्याबद्दलच आहे. चारशे डॉलर म्हणजे पस्तीस हजारांच्या घरात. सात रात्रींवर, दोन माणसांवर वाटलं तर माणशी रात्रीला तीस डॉलरच्या आत. लहान रक्कम नाही. पण जहाजावर माणशी रोजची बक्षिशी लावतात ती दोन्ही बाजूंच्या साध्या बाल्कनीला सारखीच, म्हणजे हा फरक वरनं वाढत जाणारा नाही, एवढाच. आणि हे भाव रोज हलतात. जावयांनी बघितलं त्या दिवशी चारशे होते, आज परत बघू दे. फरक हजाराच्या पुढं गेला असता, किंवा जहाज रोज एका बंदराला लागणारं असतं, तर मी तुम्हाला बागेकडची खोली घ्यायला सांगितली असती आणि वर म्हटलं असतं, तेल लावायला खुशाल बाल्कनीत बसा. तसं नाहीय.

ते चारशे तुम्ही द्या. मास्तरांच्या पेन्शनीतनं, किंवा तुमच्या डब्यातनं. खानापूरच्या बायकांकडं डबा असतो हे मला माहीत आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतोच की, हे वाण डॉलरचं समजा. तुम्ही पैसे पुढं केलेत की 'हौस फार' हा प्रश्न तिथंच मिटतो. खरं सांगू का, जावयांच्या मनात तो आलेलाही नसणार. त्यांना कुणी सांगितलंच नाही की सासूबाईंनी सगळीकडं पाणी असलेला समुद्र कधी बघितलेला नाही. त्यांनी विचारलं मास्तरांना, आणि मास्तर म्हणाले, "आपल्याला काय." त्या 'आपल्याला'त तुम्ही किती होता, हे मास्तरांनीही विचारलं नाही आणि तुम्हीही बोलला नाहीत. गप्प बसण्याचा अर्थ सात समुद्रांपलीकडं 'हो' असाच पोचतो.

जाता जाता एक. जहाज परत अमेरिकेत येतं, म्हणजे तुम्हाला परत अमेरिकेत शिरायचं असतं. व्हिसावर 'एंट्रीज'च्या खाली इंग्रजी 'एम' (म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा शिरता येतं) आहे ना, ते आजच पासपोर्ट काढून बघा.

आणि हा मेसेज. जावयांच्या नावापुढं राव लावून सुरू करा, पुढं जसाच्या तसा उतरवून घेतला तरी चालेल:

"सहल ठरवलीत, फार बरं वाटलं. एक सांगायचं राहिलं होतं. आमची खोली समुद्राकडची मिळाली तर मला आवडेल. पाणी बघत बसायची फार वर्षांची इच्छा आहे. वरचे पैसे आम्ही देणार, त्याला नाही म्हणायचं नाही. तुमची खोली मुलांसाठी घोड्यांच्या चक्राकडची घ्या, संध्याकाळी आम्ही तिकडं येतो. आमची आठव्या ते दहाव्या मजल्यावर, मागच्या लिफ्टपासून जवळ, आणि खोलीचा नंबर आपण निवडायचा, कंपनीनं नाही."

पाठवायच्या आधी मास्तरांना दाखवू नका, ते शुद्धलेखन तपासत बसतील आणि तेवढ्यात कुणीतरी ती खोली घेईल. नंबर आला की मला कळवा, वर-खाली काय आहे ते नकाशावर बघून सांगते.

— तुमची अक्का